सरांचा सत्कार आणि गेटचं कुलूप

रविवार, दौंड

आज फुटबॉलच्या सरांचा सत्कार झाला. इतकी वर्षं त्यांनी रेल्वे ग्राउंडवर टीम चालवली, कप आणले, पोरं घडवली. ते खोटं न्हाई. पण "मुलींनाही सरांनीच मैदान दिलं," असं निवेदक बोलला आन् माझं डोकंच फिरलं. मैदान दिलं? आम्ही मुली खेळायला आलेल्या दिसलो की सर गेटला कुलूप लावायचे. मग मी आन् माझी मैत्रीण शबाना रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या खडीत खेळायचो. ते कुलूप कसं विसरू?

गावातली जुनी खेळाडू म्हणून माईक माझ्याकडं आला, तवा सगळं सांगून टाकलं, कुलपासकट. सरांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग सर उठले. म्हणाले, "वैशाली खरं बोलती. चुकलंच माझं."

आन् लोकांनी टाळ्या वाजवल्या! केवढं मोठं मन म्हणे! म्हंजी मी बोलून त्यांचंच नाव आणखी वाढवलं?

नंतर सर जवळ आले. "झालं का समाधान, पोरी?"

"न्हाई सर. चुकलं हे तुम्ही लोकांना सांगितलंत, मला न्हाई."

त्यांना तिथंच सोडून घरी आले. परत कुणी माईक दिला, तर परत सांगणार हाय.