सायकल उतईला नेण्याचे वास्तववादी लक्ष्य

१ जानेवारी १९६१
काल आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात साहेबांनी भाषण दिलं. टार्गेट झेपेल एवढंच ठेवा, म्हणाले. एकदम पटलं. मागच्या वर्षीचे माझे संकल्प (इंग्रजी सुधारणे, पहाटे व्यायाम, तंबाखू बंद, सासऱ्यांशी गोड बोलणे) मोडले, त्यात माझा दोष नव्हता. टार्गेट रिअॅलिस्टिक नव्हतं.
यंदा एकच. सायकल शिकणे आणि बायकोला, वच्छलेला, कॅरिअरवर बसवून उतईला नेणे. त्या गावी तिची धाकटी बहीण सत्यभामा असते. तिला मागच्या महिन्यात मुलगा झाला, वच्छलेनं अजून पाहिलेला नाही. सायकल दिवाळीतच घेतली आहे. आमच्या कॉलनीत, सेक्टर ६ मध्ये, सगळ्यांना वाटतं की मला ती चालवता येते. म्हणजे अर्धं काम झालं.
आज रविवार. सुरुवात उद्यापासून.

५ जानेवारी
थंडी फार. ऑफिसात दुभाष्या सांगत होता की रशियन लोकांचं जुनं नवं वर्ष चौदा तारखेला असतं. जुनं आणि नवं एकदम, असा मुहूर्त सोडणं मूर्खपणा. अख्खा कारखाना त्यांच्या सल्ल्यानं उभा राहतोय, माझी सायकल का नाही?

१४ जानेवारी, सकाळी
मैदानात गेलो. कोणी नव्हतं. चढलो.

१४ जानेवारी, दुपारी
गुडघ्याला हळद लावली आहे. सायकलला काही झालेलं नाही. रशियन मुहूर्त आपल्या मातीला चालत नाही हे सिद्ध झालं. गुढीपाडवा हेच आपलं खरं नवं वर्ष.

१९ फेब्रुवारी
सत्यभामेचा नवरा चिंधू आला होता. म्हणाला, "भाऊ, माही बैलबंडी आहे ना. वैनीले घेऊन जातो, संध्याकाळी आणून सोडतो." वच्छला लुगडं बदलायला उठलीसुद्धा. मी स्पष्ट नाही म्हटलं. ज्याच्या घरात नवी सायकल आहे त्याची बायको बैलबंडीत बसली तर कॉलनीत काय इज्जत राहील? तिला समजावलं की पाडव्यानंतर मीच नेतो. ती म्हणाली, "पोरगं तवरी थांबन का?" म्हटलं, ते कुठं जाणार आहे.

१७ मार्च, गुढीपाडवा
सायकलला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. पूजा केलेल्या वस्तूवर लगेच पाय टाकून बसणं मनाला पटेना. संस्कार आड आले. हार सुकेपर्यंत थांबतो.

१३ एप्रिल
मागच्या क्वार्टरमधल्या सरदारजींचं आज नवं वर्ष. माझं नाव पंजाबराव असल्यामुळे त्यांचा माझ्यावर जीव. शिरा खाता खाता बोलून गेलो की सायकलची जरा सवय गेली आहे. त्यांनी हात धरून मैदानात नेलं, मागून सीट पकडून पळू लागले. मी छान चालवत होतो. मागून त्यांचं हसणं फार लांबून आलं, तेव्हा कळलं की त्यांनी सीट सोडली आहे. मग नाली आली.
न विचारता सोडायला नको होती. माणसाचा विश्वास उडतो.
वच्छलेनं शर्ट धुतला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ एप्रिल
शेजारच्या बंगाली मुजुमदारबाबूंचं नवं वर्ष. त्यांची संदेश मिठाई फार खाल्ली. पोट ठीक नाही.
एक गोष्ट लक्षात आली. या टाउनशिपमध्ये देशभरचे लोक आहेत आणि प्रत्येकाचं नवं वर्ष वेगळं. संधी संपतच नाही. निराश व्हायचं कारण नाही.

२ जुलै
पाऊस. सायकल आतल्या खोलीत. वच्छला तिच्यावर ओले कपडे वाळवते. उतईहून निरोप आला की पोरगा बसायला लागला. वच्छलेनं शिवलेली झबली त्याला आता होणार नाहीत. मी म्हटलं, मोठी शिव. ती म्हणाली, "किती मोठी शिवू, तेवढं सांगा."

१७ ऑगस्ट
नायर फिटरचं नवं वर्ष. पायसम उत्तम. टार्गेट रिवाइज केलं: चालवणे हा शब्द काढला. 'सायकल उतईला नेणे' एवढंच ठेवलं. वच्छलेला सांगितलं, दिवाळीच्या पाडव्याला नक्की. ती भाकरी थापत राहिली.

९ नोव्हेंबर, पाडवा
आज निघणारच होतो. सकाळी दारात सत्यभामा. पोराला कडेवर घेऊन पायी आली. चिंधू धानाच्या कापणीत आहे. म्हणाली, "ताई येऊन नाही राहिली, मनून मीच आली."
पोराला खाली ठेवलं. तो सायकलचं चाक धरून उभा राहिला. चाक सोडलं, वच्छलेकडे चालत निघाला. पडला, उठला, पुन्हा चालला. वच्छलेनं उचलून मांडीवर घेतला, तर तो सुटायला धडपडू लागला. ती म्हणाली, "याले मांडीवर निजवाचं होतं मले. आता हा मांडीवर थांबत नाही."
मला फार वाईट वाटलं. गव्हाचं पीठ संपलं का, असं विचारलं.

११ नोव्हेंबर, उतई
लक्ष्य साध्य. सायकल उतईला पोचली.
वच्छलेनं सकाळी सांगून टाकलं की ती सत्यभामेसोबत पायी जाणार. मला म्हणाली, याचं असन तर या. मी सायकल काढली. कॅरिअरवर गाठोडं, सीटवर पोरगा. वच्छलेनं त्याला एका हातानं धरलेलं, मी हॅण्डल धरून पायी. रस्त्यात जो तो विचारायचा, "पंचर होगे का बाबू?" मी हो म्हणायचो. काही जण हळहळले. एकानं दुकान कुठं आहे तेही सांगितलं. छान चाललं होतं.
गावाजवळ एक म्हातारा खांद्यावरचा भारा उतरवून थांबला. त्यानंही तेच विचारलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात वच्छला म्हणाली, "पंचर नई हुआ बाबा. इनको चलातेच नहीं आता."
म्हातारा बरं म्हणाला, भारा उचलून निघून गेला. सत्यभामा तोंडाला पदर लावून पुढे झाली. मला वाटलं वच्छला रागावली आहे, म्हणून तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. पोराचं टोपडं नीट करत होती.
मी हॅण्डल धरून मागे चालत राहिलो. त्यानंतर कोणी विचारलं की तीच सांगायची.