सुतानं मोजलेलं काठमांडू

२ मार्च २०१४, रविवार
साक्षीचा काठमांडूहून फोन. जावयाची नोकरी तिकडे, बाळंतपणही तिकडेच झालं. नातीचं नामकरण सोळाला, पौर्णिमेला, विहारात. पाळणा मी म्हणणार, असा शब्द दिला. पाळणा बायका म्हणतात, अशी साक्षीच्या आईची, कमलाची हरकत. फेटाळली. लिहिणार मी, तर म्हणणार कोण? शाळेत कविता म्हणायला गुरुजी मलाच उभं करीत.

३ मार्च
सात कडवी तयार. जुन्या ॲटलासवर सूत धरून मोजलं. रायपूर ते काठमांडू आठशे किलोमीटर. विमानाचा वेग ताशी आठशे. म्हणजे एक तास. कमलाला म्हटलं, पोहे इथं, जेवण तिथं. शिवाय नेपाळचं घड्याळ पाव तास पुढं. परतताना तेवढा तरुण होऊन येईन.

५ मार्च
पोरगा प्रशिक सिलतऱ्याच्या प्लांटमधली ड्यूटी संपवून आल्या आल्या हिंदीत सांगू लागला की सरळ फ्लाइटच नाही. आधी दिल्ली, मग दुसरं विमान. अख्खा दिवस जातो. दिल्ली तर काठमांडूच्याही वर. तिथवर चढून पुन्हा खाली उतरायचं! पोट्ट्यानं ॲटलास कधी उघडला नाही. तरी तिकिटं काढ म्हणालो.

८ मार्च
सरावासाठी माना विमानतळावर जाऊन बाहेरूनच विमान पाहिलं. फार तिरकं चढतं. दुसरं उडण्याआधीच घरी परतलो. सकाळी नाश्ता हलका झाला होता.

९ मार्च
विचारांती ठरलं. मी रेल्वेनं. पार्सल ऑफिसात उभी हयात काढली, पास आहे. रेल्वेशी बेइमानी नको. शिवाय विमानाची खिडकी उघडत नाही, कवीनं करायचं काय? कमला म्हणाली, "भेव लागते त सरळ सांगा ना. रेल्वेचं नाव काहून पुढं करून राहिले?"
प्रश्न गद्य होता. प्रशिकला हाक मारली. माझं तिकीट रद्द.

१३ मार्च, गोरखपूरच्या गाडीत
कमला आणि प्रशिक उद्या उडणार. दिल्लीत ताटकळतील बिचारे.

१५ मार्च, सोनौली
सरहद्द. कमला कालच पोहोचली. फोनवर म्हणे, काहीच होत नाही, चहापण देतात. मी म्हटलं, वरून काही देश दिसत नाही. काठमांडूची बस मिळाली. पहाटे पोहोचतो. नामकरण सकाळी अकराला. भरपूर वेळ.

१६ मार्च, सकाळी दहा
घाटात ट्रक आडवा. रात्रभर बस जागची हलली नाही. पण अंतर आता किरकोळ.

१६ मार्च, दुपार
अकराला विहारातून साक्षीचा फोन. "बाबा, तिथूनच म्हणा. स्पीकरवर ठेवते."
बसमध्ये उभा राहिलो, हात बांधून, वर्गात राहायचो तसा. सातही कडवी म्हटली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवरचं बाळ झोपलं. माझे डोळे भरले. मग फोन पाहिला. केव्हाच कटला होता.
पुन्हा लागला तेव्हा साक्षी म्हणाली, एकच ओळ ऐकू आली. थोडी वाट पाहिली, मग आईनंच तिला येत होता तो पाळणा म्हटला, नामकरण झालं.
ती एक ओळ पूर्ण ऐकू आली की अर्धी, आवाज कसा वाटला, भंतेजी काही म्हणाले का, सगळं नीट विचारून घेतलं. तेवढ्यात बॅटरी संपली.
नातीचं नाव काय ठेवलं, ते विचारायचं राहिलं.