अडीच तासांत झाडलेलं अंगण

तेजू, अरुणाचल प्रदेश
१० जुलै २०२५

ती. धनराजदादास रेणूचा शि. सा. न. वि. वि.

पोचले. शाळा तेजूपासून आत नदीकाठी, इथे फोनला रेंज नाही म्हणून पत्र. आपल्या याडीला वाचून दाखव, आईचा जीव लागून असेल. निघताना मी तिला मोबाईलवर दाखवलं होतं ना, मानोरा ते तेजू दोन हजार किलोमीटर, विमानाने अडीच तास? ते विमान मोबाईलमध्येच राहिलं. मी बस, रेल्वे, जीप करत चौथ्या दिवशी आले. शाळेत विज्ञान शिकवते. तांड्यातली पहिली पदवीधर एवढ्या लांब का गेली, असं कुणी विचारलं तर सांग, इथेही कुणीतरी शिकवायला हवं.

गेलेलं माणूस पोचल्याची खबर येईपर्यंत याडी अंगणाला झाडू लावत नाही. आता लावू दे. कचरा बघून कासावीस झाली असेल बिचारी.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
रेणू

तांडा, ता. मानोरा
२५ जुलै

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

मॅडम, तुमच्या मोबाईलनं घात केला. तू गेली त्याच दिवशी याडीनं अडीच तास वाट पाह्यली अन् अंगण झाडून टाकलं. मी म्हटलं, अवं, ते इमानाचं हाय, पोरगी यष्टीत बसली. मलेच म्हणते, शिकेल पोरगी खोटं दाखवन काय?

दुसऱ्या दिवशी अंगणात पावलं. रस्त्याकडून तुह्या खाटेकडे येणारी. डाव्या पायाची करंगळी टेकत नाही, तुह्यावानी. याडी रोज भाकर झाकून ठेवते, सकाळी ताट रिकामं. मी म्हटलं, कुत्रं असन. तर कुत्रं अंगणात पायच ठेवून नाही राह्यलं. याडी म्हणते, वाट पुसली म्हून पोरगी अर्धी माघारी आली.

जिवाले जप.
तुहा दादा, धनराज

तेजू
८ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

हे मला मान्य नाही. पण एक गोष्ट लिहिते. नदीकाठच्या ओल्या रेतीतून मुलींबरोबर चालले. वळून पाहिलं तर सगळ्यांची पावलं होती, माझी नव्हती. शाळेतल्या सोबतच्या बाई रोज विचारतात, तुम्ही कधी आलात? जेवते, पण भूक जात नाही.

याडीला म्हणावं, ते ताट बंद कर. याडीने त्या अर्धीला तिथे ठेवून घेतलं तर इथे मी उरणार नाही.

तुझीच, अजून तरी,
रेणू

तांडा
२४ ऑगस्ट

चि. रेणूस आशीर्वाद.

तुहं पत्र ऐकून याडी लय रडली. मंग पोळ्याच्या दिवशी तिनं भाकर बांधली, अन् एकटीच बोलत बोलत त्या पावलांले वेशीपर्यंत पोचवाले गेली. दुपार झाली तरी परतली नाही. इकडे पाहुणे दारात, अंगण पाल्यानं भरेल. म्या झाडून टाकलं.

संध्याकाळी याडी आली. कोणासंग बोलून नाही राह्यली. चुलीजवळ बसते, पण चूल पेटवत नाही. थकली असन. तू कशी हाय ते लिही.

वाट पाहणारा,
धनराज

तेजू
७ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

आज सकाळी खोलीच्या पायरीवर आपल्या वावराची काळी माती होती. रेतीत माझं पाऊल उमटलं. बाईंनी मला नावाने हाक मारली.

पण पायरीवर दोघींची पावलं आहेत. दुसरी रुंद, अंगठा बाहेर वळलेला. दादा, ते पाऊल मी कुठेही ओळखीन. खोलीत चूल नाही, तरी भाकर भाजल्याचा वास येतो आहे.

याडी वाटेत होती, तेव्हा तू अंगण झाडलंस.

मी तिला घेऊन निघते आहे, आले त्याच वाटेने. आम्ही दारात दिसेपर्यंत झाडूला हात लावू नकोस. आणि किती तास लागतील, ते मोबाईलला विचारू नकोस.

दोघींसाठी पाणी भरून ठेव.
रेणू