पोर्तोला तुम्ही आलात तेव्हा

बाबा, आज लेकीचा व्हिसा आला. एक वर्ष ती ग्रीसला शिकायला जाणार आहे. माझ्या वेळी ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं, व्हिसा लागला नव्हता. ग्लासगोहून मी पोर्तुगालला, पोर्तोला इंजिनिअरिंगचं एक वर्ष करायला गेले; युरोपातल्या देशांनी आपसात तशी सोय केली होती, तिथले मार्क इथे धरले जायचे. आई म्हणत होती, "घराजवळ एवढी चांगली युनिव्हर्सिटी असताना कशाला?" तुम्ही कोल्हापूरहून एकटे या देशातल्या हॉस्पिटलात आलेले डॉक्टर. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी आलो तो पोटासाठी. हिला नुसतं शिकायला जाता येतंय. जाऊ दे तिला."

हिवाळ्यात रजा काढून तुम्ही मला भेटायला आलात. रविवारची दुपार आहे. आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये तुम्ही बरोबर आणलेल्या बेसनाचं पिठलं करताय आणि एक स्पॅनिश मुलगा मन लावून बघतोय. माझी ग्रीक मैत्रीण सकाळपासून पोट धरून बसलीये. कॉफी जास्त झाली, असं तिचं म्हणणं. तुम्ही गॅस बंद करता, हात धुता, तिला सोफ्यावर आडवं करता. उजवीकडे हलकेच दाबून हात सोडता आणि मला मराठीत म्हणता, "अपेंडिक्स आहे. टॅक्सी बोलव, आत्ता."

हॉस्पिटलमध्ये सगळा कारभार पोर्तुगीजमध्ये. मैत्रीण तोडक्या इंग्रजीत सांगत होती आणि मी नर्सला पोर्तुगीजमध्ये. शब्द अडला की स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवायचे. नर्स थांबायची, मला शब्द सापडू द्यायची. मैत्रिणीने तिच्या देशाचा, युरोपभर चालणारा आरोग्याचा कागद पुढे केला आणि तिला आत घेतलं, तिथलीच असल्यासारखं. ऑपरेशन नीट झालं. बाहेरच्या बाकावर आपण दोघं बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "ग्लासगोत पहिल्या वर्षी पेशंट काय बोलतात ते मला कळायचं नाही. पुन्हा विचारलं की ते सिस्टरकडे बघायचे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसमध्ये मुद्दाम माणसांशेजारी जाऊन बसायला लागलो. कान तयार होईपर्यंत." मग म्हणालात, "तुझे कान विशीतच तयार झाले. बरं झालं."

कान तयार करणारा माणूस मला तोवर माहीतच नव्हता. घरी होते ते सगळं येणारे बाबा. त्या वर्षाने मला भाषा दिली, कायमची मैत्रीण दिली, आणि त्या बाकावर तुम्हीही नव्याने भेटलात. आज माझ्या ऑफिसात चार देशांची माणसं आहेत. मीटिंगमध्ये कुणी अडखळलं की मी वाक्य पुरं करून देत नाही, वाट बघते. हे मला कुठल्या लेक्चरमध्ये शिकवलं नाही.

लेक थेस्सलोनिकीला त्याच मैत्रिणीच्या घरी राहणार आहे. परवा भांडी पुसताना तिने विचारलं, "आई, मी गेला तर तू ओके ना?" तुमची नात अजून 'गेला'च म्हणते. मी म्हटलं, "जा गं. खुशाल जा."

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. तिने 'नाही जात' म्हणावं, असं मला त्या घटकेला वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तुम्हालाही तसं वाटलं होतं का, बाबा? तुम्ही होतात तोवर हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.