उन-बीला या घरातून मोकळं करण्याबाबत

मी, ओ माल-सुन, कै. नाम सांग-गू यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार गोहुंग किनारा, हे स्वखुशीने लिहून ठेवते. उजवं अंग लुळं पडलं आहे, जीभ जडावली आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर माझ्या तोंडचं उतरवून घेत आहेत. सून उन-बी ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या काढायला गेली आहे, म्हणूनच ही वेळ निवडली.

अंगणातले आंबवलेल्या सोयाच्या रसाचे रांजण पोस्टमास्तरांच्या बायकोला द्यावेत. काठ फुटलेला रांजण सर्वांत चवीचा आहे, तो टाकू नये.

शिलाई मशीन उन-बीचं. पुसानच्या बुटांच्या कारखान्यात ती शिवणावर होती. हात चांगला आहे. माझ्या मुलाने, तोक-सूने, वसंतात लग्न केलं आणि तो लगेच मासेमारीच्या जहाजावर गेला. उन्हाळ्यात मी झटका येऊन अशी पडले. नवऱ्याचा चेहरा नीट पाठ होण्याआधी ती माझं हगणं-मुतणं काढू लागली.

दीर सांग-हो यांना पूर्वजांच्या नावांच्या, पूजेतल्या पाट्यांखेरीज काहीही देऊ नये. कारण सांगते.

लग्न होऊन आले तेव्हा मीही मागच्या खोलीत पावलं ऐकली होती. सासूबाई म्हणाल्या, "विहिरीत गेलेली आधीची सून आहे ती. तू तांदूळ निवड." मी जन्मभर तांदूळ निवडले. गेल्या महिन्यात उन-बी सरपण आणायला त्या खोलीत गेली आणि दार मागून लागलं. ती किंचाळत होती, "आई! इथे कुणीतरी आहे! आई, दार उघडा!" मी पुढच्या खोलीत ओंडक्यासारखी पडलेले. मोठ्याने हाक मारायला गेले, तर तोंडातून नुसती लाळ. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा दीर आले, त्यांनी लाथ घालून दार उघडलं आणि हसले. "दार फुगलंय गं! घरच्या सुनेला घराचीच भीती? होईल सवय."

तेव्हापासून ती माझी बाही धरून झोपते.

सबब, माझ्या पश्चात हे घर पाडावं, विहीर बुजवावी आणि जागा विकून येईल ते उन-बीच्या नावे करावं. तोक-सू, तुला आईची आण, तिला इथे ठेवू नकोस. तिला तुझ्याबरोबर राहायचं नसेल तर तेही अडवू नकोस.

पोस्टमास्तर विचारतात, हे तिला आजच का सांगत नाही? सांगितलं होतं. "पोरी, तू माहेरी जा." ती म्हणाली, "मग तुम्हाला कुशीवर कोण वळवणार?"

मी "कुणीतरी वळवेल" म्हणायला हवं होतं. मी तिचा हात घट्ट धरला.

वाचून दाखवलं, बरोबर आहे. डाव्या अंगठ्याचा ठसा: ओ माल-सुन
साक्षीदार: पे जोंग-दाल (निवृत्त पोस्टमास्तर, लेखक), मा ग्वी-रे (शेजारीण)
गोहुंग, ९ नोव्हेंबर १९८३