खंडेनवमीला पुसलेलं मशीन

कळवे,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९५६

चि. सौ. मालनला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या आईचा सांगावा आला आणि मी चुलीवरचं दूध तसंच टाकून शेजारी पळाले. उतू गेलं तर गेलं. पणजी झाले गं मी! मुलगी म्हटल्यावर शेजारच्या आवडाबाईनं नाक मुरडलं, तर तिला म्हटलं, "पेढा मागायला नाही, द्यायला आलेय. खा गुमान." नाक कुणावर गेलंय ते कळव. बापावर, माझ्या दौलतवर, नसलं म्हणजे मिळवली.

डिंकाचे लाडू खातेस ना? आईला सांग, डिंक चांगला फुलू द्यावा, नाहीतर दाताला चिकटतो. वारं घेऊ नकोस. इथं खाडीवरनं गार सुटलंय, माझे गुडघे धरलेत.

दौलत मजेत आहे. म्हणजे जेवतो. कामात असतो.

तुझ्या आईनं विचारलंय, मुलगी झाली म्हणून बाप आला नाही का. तसं मनात आणू नको गं. सांगावा ऐकला तेव्हा पडवीत जाऊन लेथच्या मशीनकडे वळून डोळे पुसत होता, मी पाहिलं. पण तुझं नाव काढलं की ताटावरून उठतो. परवा बारसं. बाप आला नाही तर लोक काय म्हणतील, आणि आला नि तू पाठ फिरवलीस तर?

आता लिहितेच. खंडेनवमीला तू लेथ चिंचेनं घासलंस. ज्यात भोक पाडायचं ड्रिल बसतं तो मागचा ठोकळा सरकवून खालचं पुसलंस, हळदकुंकू वाहिलंस. मग दांड्यावर चढतात त्या पितळी बुशांची भोकं तिरपी जायला लागली, माल परत आला आणि दौलत तुला म्हणाला, "तुझा हात लागला नि मशीन नासलं." भरल्या दिवसांच्या बाईला असं बोलतात? तू पिशवी उचललीस ती थेट माहेरी, कल्याणला.

तर ऐक. तू गेल्यावर त्यानं तो ठोकळा मापानं जुळवून बसवला. तरी भोक तिरपंच! शेवटी ठाण्याच्या कारखान्यातला त्याचा दोस्त त्र्यंबक आला. त्यानं ड्रिल उजेडात धरलं.

"याला धार कुणी लावली रे?"

"मीच. दसऱ्यानंतर."

"एकच बाजू कापतेय, दुसरी नुसती फिरतेय. मग ते भलतीकडे जाणारच की. आणि सगळं भोक ड्रिलनंच पाडतोस? आधी लहान पाड, मग बोरिंगच्या हत्यारानं आतून थोडं थोडं कापत मापाला आण. गाडी सुटतेय का तुझी?"

दौलतनं नवी धार लावली. मशीन फिरवायचा पायाखालचा पायटा हळूहळू मारत भोक कोरलं. दांडा घातला तर असा गेला, जसा बांगडीत हात.

"झालं की," त्र्यंबक म्हणाला, "मशीनला काय धाड भरलीय?"

दौलत हसला नाही. "मशीन चांगलंच होतं म्हणजे," एवढंच म्हणाला आणि खालीच बसला. तेव्हापासून एकच धोशा, "कुठल्या तोंडानं जाऊ, आजी?" म्हटलं, "आहे त्याच तोंडानं जा. दुसरं कुठनं आणणार?"

मालन, हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. भाताच्या शितांनी चिकटवून त्याच्याच हाती दिलंय. आत लाडवांची चौकशी आहे, असं त्याला सांगितलंय. तू वाचतेस तोवर तो तुमच्या ओट्यावर उभा असेल. आत घे, असं मी लिहिणार नाही. काय चुकलं ते आधी त्याच्या तोंडून ऐक, आई-बापांसमोर ऐक, मग तुझं तू ठरव. काहीही ठरवलंस तरी तू माझीच.

तो नुसताच परततो की तुझा निरोप घेऊन, हे बघायला दाराशी बसलेली,

तुझी आजी, आणि त्या चिमुरडीची पणजी