चाळीस दिवस वाफ न धरलेली खिडकी

प्रिय मेहुणेबुवा,

साष्टांग नमस्कार. (मेहुण्याला कोणी साष्टांग घालत नाही, हे मला ठाऊक आहे. पुढे वाचा.) तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, आवाज तर विशेषच.

आमच्या कारखान्यात अग्निशमन दलाच्या जवानांसाठी तोंडावरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ढाली बनतात. श्वासाने त्यांवर वाफ धरते आणि ऐन आगीत जवान आंधळा होतो. बाजारातला लेप चार दिवस साथ देतो, पाचव्या दिवशी फडक्याबरोबर निघून जातो. मी केलेला लेप मात्र भट्टीतून काढला की प्लॅस्टिकला घरजावयासारखा चिकटतो (ही उपमा तुमच्या वडिलांची). त्यावर पाण्याचे थेंब धरतच नाहीत, पाणी सपाट पसरतं आणि आरपार लख्ख दिसतं. मालक म्हणाले, "तीन महिने रोजची वाफ सोसू दे, मग बोल." रोजची वाफ म्हणजे आमचं न्हाणीघर. तिथल्या खिडकीत मी तसलं तावदान बसवलं आणि घरात सांगायला विसरलो. ('विसरलो' हा शब्द तुमच्या बहिणीला मान्य नाही.)

तुमचे बाबा खिडकीवर धरणाऱ्या वाफेच्या भरवशावर, चष्मा काढून, डोळे मिटून, अंघोळ करताना गातात. चाळिसाव्या दिवशी मी हौसेने त्यांच्या चष्म्यालाही तसलीच भिंगं बसवून दिली. बाबा खुशीत चष्म्यासकट आत गेले. समोरच्या शिवणवर्गातल्या बारा बायका मशिनी थांबवून बसलेल्या त्यांना दिसल्या. एकीने तर तानेला मान डोलावली. खिडकी छातीच्या वर आहे म्हणून निम्मी अब्रू वाचली. बाबा मटकन खाली बसले ते तासाभराने "टॉवेल!" म्हणून ओरडले.

बाहेर येऊन म्हणाले, "जावईबापू, चाळीस दिवस?"

"हो बाबा, एक थेंबसुद्धा धरला नाही!" आनंदाच्या भरात मी बोलून गेलो.

तेव्हापासून अबोला आहे. त्याच दुपारी त्यांनी तावदानाला काळा ऑइलपेंट फासला. मालक पोट धरधरून हसले, पण म्हणाले, "आता पुन्हा पहिल्या दिवसापासून मोज." मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

तुमचा, अजून हाय न खाल्लेला,
मेहुणा

ता. क. : आमच्या न्हाणीघरात मला प्रयोगबंदी झाली आहे. नवं तावदान पाठवतोय, तुमच्याकडे बसवून घ्या. घासणी लावू नका.

ता. क. २ : ते घेऊन बाबाच येताहेत, गुरुवारी. तिकीट त्यांनी स्वतः काढलं, मी फक्त अडवलं नाही.

ता. क. ३ (बाबांच्या अक्षरात) : चिरंजीव, तावदान मीच बसवीन. तुझ्या न्हाणीघरासमोर कोण राहतं, आणि त्यांना गाण्याची आवड आहे का, ते लगेच कळव.